धरणगावची शिडाची होडी आणि ती ओढणारी गाडी

शिडाची होडी रस्त्याने वाहून नेण्यासाठी गाडी निवडण्याचा प्रसंग मराठी वाचकांपैकी फार थोड्यांवर येत असेल. खानदेशात, म्हणजे समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, काळ्या जमिनीच्या आणि केळीच्या बागांच्या मुलखात, तो ज्यांच्यावर आला अशी माणसे बहुधा दोनच असावीत : माझा थोरला भाऊ आणि मी. तरीही हा वृत्तान्त क्रमवार लिहिते आहे. त्यात शिकण्यासारखे काही आहे, आणि ते शिकण्यासाठी आम्ही जे गमावले ते इतर कोणी गमावू नये असे वाटते.

प्रथम पार्श्वभूमी सांगते. दादा चाळीस वर्षांपूर्वी रत्नागिरीजवळच्या आमच्या गावातून नोकरीसाठी धरणगावला गेला. तेथे त्याने मुलांना सुतारकाम शिकवले, तेथेच संसार केला, आणि तेथले लोक त्याला नाना म्हणू लागले. वहिनी गेल्यानंतर त्याने कापसाच्या बंद पडलेल्या एका जिनिंगच्या शेडमध्ये सहा वर्षे खपून सतरा फुटांची होडी बांधली. ती पूर्ण होत आली तेव्हा त्याचे डोळेही संपत आले होते. काचबिंदूने नजर कडेकडेने खाल्ली होती. आता नळीतून पाहिल्यासारखे समोरचे तेवढे दिसे. डॉक्टरांनी तारीख सांगितली नाही; "जे पाहायचे ते लवकर पाहून घ्या," एवढेच सांगितले. दादाला एकच गोष्ट पाहायची होती : आपण बांधलेल्या होडीवर, आपल्या गावच्या समुद्रात, फुगलेले शीड.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्याचा फोन आला. "सुमन, होडी तयार आहे. ओढायला गाडी कोणती घ्यावी, ते तू येऊन ठरव. मला लाकूड कळतं, वजन तुला कळतं." मी चौतीस वर्षे शाळेत भौतिकशास्त्र शिकवले आहे. हिशेब सोपा होता. जूनमध्ये समुद्र बंद होतो आणि पुन्हा उघडतो तो ऑक्टोबरात. ऑक्टोबरपर्यंत नजर टिकेल याची खात्री नव्हती. म्हणजे हाती एप्रिल आणि मे.

जळगाव

गाडी पाहण्यासाठी जळगाव योग्य, असे दादाचे मत होते. गाडी विकत घेणार नव्हतो. एका फेरीपुरती, चालकासह भाड्याने हवी होती. महामार्गालगतच्या एका गॅरेजात आम्ही दोघे गेलो. मालक साठीचे होते, सगळे त्यांना आबा म्हणत. मी वहीतून वजने वाचून दाखवली. होडी, तिची डोलकाठी, नांगर आणि ती वाहणारा दोन चाकांचा ट्रेलर मिळून नऊशे दहा किलो. ही वजने दादाने जिनिंगच्या वजनकाट्यावर करून कळवलेली.

"बोट?" आबांनी चष्मा वर केला. "मॅडम, जळगावात बोट? मेहरूणच्या तलावात सोडायची काय?"

बाकावर बसलेले एक गिऱ्हाईक म्हणाले, "आबा, केळीचे घड भरून नेतील हो समुद्रातून. तेवढंच डिझेल वाचेल."

"तू गप बस. तुझी गाडी ढकलत आणली तू, आणि दुसऱ्याच्या डिझेलची काळजी करतो."

हसू ओसरल्यावर आबांनी मनापासून लक्ष घातले. जळगावात ट्रॅक्टरची ट्रॉली रोज दुरुस्तीला येते, त्यामुळे ओढण्याचे शास्त्र त्यांना अनुभवाने ठाऊक होते. त्यांनी पहिला कौल ट्रॅक्टरला दिला. ट्रॅक्टर नऊशे किलो सहज ओढेल, यात शंका नव्हती. परंतु सातशे किलोमीटर आणि मध्ये सह्याद्रीचा घाट. दादा म्हणाला, "पोचेपर्यंत मी पूर्ण आंधळा होईन, आबा." तो हे हसत म्हणाला, म्हणून आम्हांलाही हसावे लागले.

येथे एक तत्त्व सांगून ठेवते. ओढण्याची ताकद बहुतेक गाड्यांत असते. प्रश्न थांबवण्याचा असतो. आमच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नव्हते. तेव्हा ओढणारी गाडी ट्रेलरच्या निदान दुप्पट वजनाची हवी, नाहीतर उतारावर ट्रेलरच गाडीला ढकलू लागतो. मालवाहू पिकअप आम्ही पाहिली. ती रिकामी असताना मागून इतकी हलकी असते की खड्ड्यात उड्या मारते. तिच्यात वाळूच्या गोण्या टाकू, असे आबांनी सुचवले. ते चुकीचे नव्हते, पण पुढे चालकाशेजारी आम्हां दोघांना बसायला पुरेशी जागा नव्हती. जुनी छोटी जीप दादाला आवडली. मी तिच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतले अंतर टेपने मोजले आणि नकार दिला. हे अंतर जितके कमी, तितकी ट्रेलरची प्रत्येक हालचाल गाडीला हलवते. शिवाय होडी पाण्यात सोडताना गाडीची मागची चाके धक्क्याच्या ओल्या, शेवाळलेल्या उतारावर येतात. तेथे चारही चाकांना जोर पुरवणारी गाडी असेल तर ती पुन्हा वर येते. नसेल तर होडीपाठोपाठ गाडीही समुद्रात जाण्याचा संभव असतो.

दुपारी आबांनी ओळखीतल्या एका वऱ्हाडाच्या गाडीसाठी फोन लावला. लांब, जड, चारही चाकांना जोर असलेली ती डिझेल गाडी धरणगावकडच्याच भिकनभाऊंची होती. लग्नसराईत ते वऱ्हाड वाहत. गाडी येऊन उभी राहिली तेव्हा तिच्या आरशाला कोणत्या तरी लग्नातला सुकलेला हार अजून लटकत होता. मी खाली वाकून ट्रेलर जोडायचा आकडा, त्याचे बोल्ट, ब्रेकच्या नळ्या तपासल्या. भिकनभाऊ बाजूला उभे राहून पाहत होते.

"अक्का, हाई गाडीमा सोळा वऱ्हाडी बसाडीसनी चोपडा लगून गयथू मी," ते म्हणाले. "होडी तं काय शे!"

सोळा माणसांची ही बढाई मला ऐकण्यापुरतीही आवडली नाही. परंतु गाडी निर्दोष होती. मी होकार दिला. आजही, सर्व घडून गेल्यानंतर, ती निवड बरोबर होती असेच मी म्हणेन.

संध्याकाळी एका खानावळीत भाजलेल्या वांग्यांचे भरीत आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी खाल्ली. आमच्याकडे वांगे ही पाहुण्याला द्यायची वस्तू नाही. येथे ते पंगतीचे पक्वान्न आहे. दादाने ताट स्वतःकडे ओढून मिरची, कांदा, भाकरी यांच्या जागा बोटांनी नक्की करून घेतल्या, मग जेवायला सुरुवात केली. पूर्वी तो असे करत नसे.

धरणगाव

होडी मी प्रथम पाहिली ती शेडच्या अर्ध्या उजेडात. कपाशीच्या तंतूंचा एक पातळ थर तिच्यावर बसला होता. भोवतालची शेते मोकळी झाली होती, काड्यांचे ढीग बांधावर रचलेले होते, आणि वाऱ्याबरोबर कोरडी माती आत येत होती. या मातीत उभी असलेली ती पांढरी, निमुळती नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, पाहून मला आनंद व्हायला हवा होता. पण मनात आले ते असे की ही वस्तू फार दूर, फार उशिरा तयार झाली आहे.

"हात लाव," दादा म्हणाला. "जोड कुठे आहे ते सापडतं का बघ."

मला सापडला नाही. त्याने माझा हात धरून नेमका जोडावर ठेवला.

दुसरा दिवस मी मोजमापात घालवला. वाचकांपैकी कोणी कधी ट्रेलर ओढलाच, तर एवढे लक्षात ठेवावे. ट्रेलर म्हणजे चाकांवर तोललेली तरफ आहे. तिच्या एकूण वजनाचा सुमारे दहावा हिस्सा पुढे, गाडीच्या आकड्यावर पडला पाहिजे. तो भार नसेल आणि वजन मागे गेले, तर ट्रेलर वेगात डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतो आणि प्रत्येक झोका आधीच्याहून मोठा होतो. एका व्यापाऱ्याकडून कापूस मोजण्याचा छोटा काटा आणला आणि ट्रेलरची दांडी त्यावर टेकवली. काटा त्रेपन्न दाखवत होता. नांगर, साखळी, छोटे इंजिन आणि हत्यारांची पेटी नाळेकडे आणून बांधली. काटा ब्याण्णववर आला. मी वहीत आकडा लिहिला आणि भिकनभाऊंना सांगितले, "आता यातलं काही हलवायचं नाही. वेग चाळिसाच्या वर न्यायचा नाही."

"तुमी सांगशात तसं, अक्का."

मी दोन आज्ञा दिल्या. दोन्हींची कारणे सांगितली नाहीत.

रात्री शेजारच्या अक्कांनी वरणबट्टी आणून दिली. तुपात बुडवलेली बट्टी मोडत, होडी दारातून जाणार म्हणून हळहळत त्या म्हणाल्या, "नाना, बठ्ठी होडी करी टाकी तुमी, आते आमले दारशी काय देखानं? गावमा पाव्हना उना का आमी त्याले तुमनी होडी दखाडूत." दादा त्यांच्याकडे पाहून हसला, त्या बसल्या होत्या त्याच्या किंचित डावीकडे पाहून.

एरंडोल, पारोळा आणि पुढे

सकाळी सातला निघालो. मी शेडच्या मागे नळावर बाटल्या भरून आले तेव्हा ट्रेलर जोडून तयार होता. दादा दोऱ्या चाचपून पाहत होता आणि प्रत्येक गाठीला "हं" म्हणत होता. मी दोऱ्या पाहिल्या, चाकांतली हवा पाहिली, दिव्यांची तार पाहिली; होडीच्या आत वाकून मात्र पाहिले नाही. काटा परत करून झाला होता. मोजमाप आदल्या संध्याकाळचे होते आणि प्रवास सकाळचा; या दोन्हींच्या मध्ये काही घडू शकते हा विचार माझ्या मनाला शिवला नाही.

एरंडोलला चहा घेतला. टपरीवरच्या माणसांनी होडीला प्रदक्षिणा घातली. एकाने खाली वाकून विचारले, "हिले चाकं शेत तं पाणीमा कशी चालस?" दादाने त्याला ट्रेलर आणि होडी यांतला भेद सविस्तर समजावला. मला वाटते, त्या सकाळी तो सुखी होता. पदमालयाच्या गणपतीला येथूनच हात जोडू, असे म्हणून त्याने डोळे मिटले, आणि उघडल्यावर पुन्हा होडीकडे तोंड केले.

पारोळ्यापर्यंत काही जाणवले नाही. पारोळ्यानंतर रस्ता मोठा आणि गुळगुळीत झाला. फागण्याच्या अलीकडे एक लांब उतार लागला आणि वेगाचा काटा चाळिसावरून पंचावन्नवर गेला. नेमक्या त्याच वेळी केळीने भरलेला ट्रक आम्हांला ओलांडून पुढे गेला. त्याच्या वाऱ्याने ट्रेलर एकदा डोलला. मग दुसऱ्यांदा. तिसरा झोका मला पाठीत जाणवला. आरशात होडी एकदा डाव्या कडेला दिसली आणि लगेच उजव्या.

"ब्रेक नको!" मी ओरडले. पण भिकनभाऊंचा पाय तोवर ब्रेकवर गेला होता. ते स्वाभाविक आहे. घाबरलेल्या माणसाचा पाय तेथेच जातो. मागून कडाडून आवाज झाला, आकडा सुटला, आणि आमची गाडी दोन वळसे घेऊन रस्त्याच्या कडेला उभी राहिली. उलटली नाही. ट्रेलर मात्र कडेच्या चरात कुशीवर पडला होता.

तिघांनाही खरचटलेसुद्धा नव्हते. दादा पहिला उतरला आणि चुकीच्या दिशेने चालू लागला. मी त्याला दंडाला धरून वळवले.

शेतांतून माणसे आली. एका बाईने पाण्याची कळशी आणली. एक म्हातारे गृहस्थ होडीभोवती फिरून म्हणाले, "आठे पाणीना टिपूस नही, आनि हाई बुडनी कशी?" कोणी हसले नाही, त्यांचाही थट्टेचा हेतू नसावा. डोलकाठी मधोमध मोडली होती. होडीच्या पोटाला, पाण्यात खाली सोडायच्या मधल्या फळीच्या खोबणीपासून मागच्या टोकापर्यंत, हात जाईल एवढी चीर पडली होती. मी आत वाकून पाहिले. नांगर, साखळी, इंजिन, हत्यारांची पेटी : सर्व सामान मागच्या बाजूला होते, आणि नीट बांधलेले होते. आपटून मागे गेलेले सामान असे बांधलेले नसते. खुद्द होडीही ट्रेलरवर वीतभर मागे घेऊन आवळलेली होती.

मी भिकनभाऊंकडे पाहिले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती.

"अक्का, ते मी करं," ते म्हणाले. "सकायले देखं तं गाडीनं बूड खाले बसेल व्हतं. मना बाप बैलगाडी भरे तवय पहिले धुर उचलीसनी देखे. जोडीनी मानवर वझं ऱ्हायनं तं तो आमले मारे. तेच मना हातमा शे. म्हनीसनी मी वझं मांगे सरकाडं. गाडीले तरास नको व्हवाले."

गाडीला त्रास नको. धुरीचे, म्हणजे गाडीच्या पुढच्या दांडीचे, ओझे बैलांच्या मानेवर येऊ नये म्हणून या मुलखातल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या गाडी अशीच भरली. त्यांचे काही चुकले नाही, कारण बैल ताशी पंचावन्न किलोमीटर वेगाने चालत नाही. तरफेचे तत्त्व भिकनभाऊंना माझ्याइतकेच येत होते. फक्त त्यांची तरफ जिवंत मानेवर टेकलेली होती आणि माझी लोखंडी आकड्यावर.

"मला सांगितलं का नाही?" मी विचारले.

"तुमी पाणी भराले गयथ्यात. नानासले सांगं."

दादा हळूच म्हणाला, "तो म्हणाला, नाना, सामान नीट बांधलंय. मी हात लावून पाहिलं, गाठी पक्क्या होत्या. सामान नाळेकडे नाही, हे मला दिसलं नाही, सुमन."

धुळे

ट्रॅक्टर आणून होडी उचलली आणि धुळ्यातल्या एका ट्रॉली बनवणाऱ्या कारखान्याच्या आवारात ठेवली. आजूबाजूला नव्या लाल ट्रॉल्या उभ्या होत्या, वेल्डिंगच्या ठिणग्या उडत होत्या, आणि मध्ये आमची होडी कापडाखाली. रात्री जेवायला शेवभाजी होती. तिखटाने डोळ्यांतून पाणी आले, आणि त्या निमित्ताने तिघांनाही डोळे पुसता आले.

सकाळी मी भिकनभाऊंशी बोलले. ते भाडे घ्यायला तयार नव्हते आणि माझ्याकडे पाहतही नव्हते. मी त्यांना एक फळी, एक वीट आणि तीन दगड घेऊन सर्व काही करून दाखवले : भार पुढे असताना फळी कशी सरळ चालते आणि मागे असताना कशी फिरते. पाच मिनिटे लागली. त्यांना ते तत्क्षणी समजले. "अरे बाप रे," एवढेच म्हणून ते फळीकडे पाहत राहिले. ही पाच मिनिटे मी धरणगावात दिली असती, तर आम्ही त्या वेळी नाशिकच्या पुढे असतो. चौतीस वर्षांत वर्गातल्या कोणत्याही मुलाला मी कारण न सांगता नियम सांगितला नाही, याचा मला अभिमान होता. चालकाला मात्र नियम पुरेसा आहे, असे मी कसे ठरवले?

भिकनभाऊंनी मग दादाला म्हटले, "नाना, चला. होडी ऱ्हाऊ द्या. आजच निंघूत, परवा तुमले समुद्रवर लई जासू. दुसरानी शिडनी होडी तं दिसी. पैसा नको माले."

दादाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "नको, भाऊ. दुसऱ्याचं शीड मी लहानपणी पुष्कळ पाहिलं आहे."

मग तो कापड बाजूला करून होडीच्या पोटाशी बसला आणि चिरेवरून बोटे फिरवू लागला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, परत पहिल्यापर्यंत. त्याचे डोळे मिटलेले होते. त्याने बहुधा आधीपासूनच असे काम करायला सुरुवात केली असावी.

"किती महिने लागतील, सुमन?"

मी विचार करून उत्तर दिले. पोटाच्या तीन फळ्या बदलणे, खोबणी नव्याने बसवणे, नवी डोलकाठी : एकट्या माणसाला आठ महिने.

"आणि डोळे?"

खोटे बोलता आले असते. "तेवढे नाहीत, दादा."

त्याने मान हलवली. बरोबर उत्तर आल्यावर शिक्षक हलवतात तशी. मग म्हणाला, "होडी दुरुस्त करायचीच. पाण्यात सोडायचीच. मी आत बसेन. शीड फुगेल तेव्हा काय दिसतं, ते तू मला सांगायचंस. नीट सांग. सुंदर दिसतंय वगैरे नको."

मी होय म्हटले. दुसऱ्या दिवशी एसटीने परत निघाले. भिकनभाऊंनी माझी पिशवी फलाटापर्यंत आणून दिली.

गावी परत आल्यापासून मी रोज संध्याकाळी धक्क्यावर जाते. शिडाच्या होड्या आता थोड्याच राहिल्या आहेत. जी दिसेल तिच्याकडे पाहत बसते. कापड प्रथम कोठे ताणले जाते, सुरकुत्या कोणत्या क्रमाने जातात, शीड पोट कोठे धरते, होडी किती अंशांनी कलते, हे वहीत लिहिते. घरी येऊन एकेक वाक्य स्वतःला मोठ्याने वाचून दाखवते आणि मग डोळे मिटते. वही निम्मी भरली आहे. डोळे मिटून ऐकले असता शीड दिसावे, असे एकही वाक्य अजून त्यात नाही.